दुकानाची वेबसाइट ही ‘जागा’ आहे का?

‘टार्गेट’ या अमेरिकी दुकानसाखळीच्या वेबसाइटवर २००६ साली अंध गिऱ्हाईक अडायचं ते अगदी पैसे भरायच्या वेळी. खरेदी पुरी करायला माउस लागायचा. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्याला माउसचा उपयोग नाही. बाण पडद्यावर कुठे आहे हेच दिसत नाही. टॅब दाबत एकेका लिंकवर जायचं, ऐकायचं, एंटर मारायचा, ही त्याची रीत. चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द, हेही नव्हते. ते नसले की स्क्रीन रीडर बरेचदा फाइलचं नावच आकड्यांसकट वाचत सुटतो. समोर कढई आहे की चादर, पत्ता लागत नाही. ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ या अंधांच्या संघटनेनं त्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात दावा लावला.

कायदा होता १९९० चा, ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’, अपंगांशी भेदभावाला बंदी घालणारा. ही बंदी कुठल्या जागांना लागू, त्या यादीत दुकानं, हॉटेलं, थिएटरं, अगदी लाँड्रीसुद्धा नावानिशी आहे. वेबसाइट नाही, कारण तेव्हा वेबच लोकांपर्यंत आलं नव्हतं. मग कायद्यातली ‘जागा’ म्हणजे चार भिंतीच का? साउथवेस्ट एअरलाइन्सविरुद्धच्या खटल्यात फ्लोरिडातल्या न्यायालयानं २००२ मध्ये ‘होय’ म्हणून दावा फेटाळला होता. टार्गेटच्या वेळी मुद्दा फिरवून मांडला गेला: ही वेबसाइट दुकानांशी जोडलेली आहे, तिथली अडचण ही दुकानाच्या सेवेतलीच अडचण. न्या. मॅरिलिन हॉल पटेल यांनी सप्टेंबर २००६ मध्ये हे मान्य केलं, पण दुकानाशी संबंध असेल तेवढ्यापुरतंच. २००८ मध्ये तडजोड झाली. भरपाईसाठी ६० लाख डॉलर आणि वेबसाइटची दुरुस्ती.

हे पैसे निघाले कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यांतून. केंद्रीय कायद्यात खासगी फिर्यादीला भरपाई नाहीच. दुरुस्तीचा आदेश मिळतो आणि वकिलाची फी. कॅलिफोर्नियाच्या अनरू कायद्यात मात्र दर उल्लंघनामागे किमान ४,००० डॉलर. दाव्यांची गर्दी काही राज्यांतच का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. नाव बदलून तोच मसुदा दाखल करणारे वकील आहेत, हा दुकानदारांचा राग खोटा नाही. पण म्हणून वेबसाइटवरचं बंद बटण चालू होत नाही.

अंध गिऱ्हाइकाला पिझ्झा मागवता येईना म्हणून डॉमिनोजवर २०१६ मध्ये दावा झाला. २०१९ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानं तो उचलून धरला आणि त्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. २०२१ मध्ये अकराव्या विभागाच्या न्यायालयानं विन-डिक्सी या किराणा दुकानसाखळीच्या खटल्यात नेमकं उलट सांगितलं. वर्षअखेरीस तो निकालही रद्दबातल झाला.

खासगी वेबसाइटसाठी नियम करायला न्याय खात्यानं २०१० मध्ये घेतलं आणि २०१७ मध्ये सोडून दिलं. त्यामुळे कोर्टात आणि तडजोडीत मोजपट्टी म्हणून डब्ल्यूकॅग धरतात, म्हणजे वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेची, वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीची नियमावली, सरकारची नव्हे.

चुका मात्र त्याच त्या. बटण दिसतं, पण कोडमध्ये बटण नसतंच. साध्या ‘डिव्ह’ला, म्हणजे कोडमधल्या नुसत्या चौकटीला, रंग फासून क्लिक जोडलेलं असतं, टॅब त्यावर थांबत नाही. यावर एका ओळीच्या कोडनं सगळं दुरुस्त करू म्हणणारी ‘ओव्हरले’ साधनं आली. त्यांतल्या ॲक्सेसीबीला असल्या बढायांपायी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेला १० लाख डॉलर द्यावे लागले. रकान्याला लेबलच नसेल तर तिथे पिन कोड भरायचा की कूपन, हे वरून चिकटवलेलं साधन फार तर अंदाजानं सांगणार.