पॉवर विंडो बसवली की बॅटरी बसते? अजिबात नाही

पिकअपवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं एक समज पक्का बसलाय, हँडल फिरवून वर-खाली करायची काच बदलून पॉवर विंडो (बटणावर मोटरने चालणारी काच) लावली की बॅटरी सारखी उतरणार. अहो हिशोब तर करून बघा. काच वर जायला साधारण 5 सेकंद लागतात, मोटर तेवढ्यात 10 अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे दिवसातून 20 वेळा काच वर घेतलीत तरी दोन्ही हेडलाइट दीड-पावणेदोन मिनिटं लावल्याएवढाच खर्च, आणि बटण सोडलं की मोटर शून्य.

मग बॅटरी उतरते कशाने? वायरिंगने! कुणीतरी गाडीतल्या गाण्याच्या टेपच्या किंवा लाइटच्या बारीक वायरला जोड मारून सप्लाय घेतो, फ्यूज नाही, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, दरवाजाच्या बिजागरीपाशी वायर रबरी नळीतून न नेता तशीच सोडतो, मग दरवाजा उघड-बंद होऊन वायर सोलते आणि बॉडीला लागते, नि तिथून करंट वाया जातो. फ्यूज नसेल तर तिथे आगसुद्धा लागू शकते, म्हणून हे कळकळीनं सांगतोय.

बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि रिले इग्निशनवर, म्हणजे चावी चालू असतानाच सप्लाय मिळेल असा, एवढं भांडून करून घ्या. आणि हो, मोटर बसवायच्या आधी काचेच्या खाचेतलं रबर बघा, ते वाळून कडक झालं असेल तर काच अडकते, मोटर दुप्पट करंट ओढते नि जळते. हँडल जड फिरत असेल तर आधी रबर बदला.