ग्राफिक्स कार्डांची तुलना : जीटीएक्स १०६० आणि आरएक्स ५८०

जीफोर्स जीटीएक्स १०६० आणि रेडिऑन आरएक्स ५८० ही मध्यम किमतीची ग्राफिक्स कार्डे. पहिले एनव्हिडियाने जुलै २०१६ मध्ये आणले, दुसरे एएमडीने एप्रिल २०१७ मध्ये. ६ जीबीच्या १०६० ची अमेरिकेतील जाहीर किंमत २४९ डॉलर होती, ८ जीबीच्या ५८० ची २२९ डॉलर. म्हणजे दोघांचे गिऱ्हाईक एकच, आणि १०८० पी पडद्यावर गेम नीट चालावा एवढीच त्याची अपेक्षा. दोन कार्डांची तुलना कशी करावी आणि कुठे फसायला होते, हे समजून घ्यायला याहून चांगली जोडी सापडणे कठीण, कारण कागदावर एक कार्ड ठळकपणे पुढे आहे आणि गेममध्ये मात्र तसे दिसत नाही.

कागदावरचा हिशेब असा. १०६० मध्ये १२८० कोअर (गणिते करणारे छोटे घटक) आहेत आणि जाहीर बूस्ट क्लॉक, म्हणजे भाराखाली गाठायचा ठोक्यांचा वेग, १७०८ मेगाहर्ट्झ आहे. ५८० मध्ये २३०४ कोअर आहेत, क्लॉक १३४० मेगाहर्ट्झ. प्रत्येक कोअर एका ठोक्याला दोन गणिते करतो असे धरून गुणाकार केला की १०६० ची क्षमता सुमारे ४.४ टेराफ्लॉप्स (सेकंदाला ४.४ लाख कोटी गणिते) येते आणि ५८० ची ६.२, म्हणजे तब्बल ४० टक्के जास्त. मेमरीतही तेच. दोन्हीकडे ८ गिगाबिट वेगाची जीडीडीआर५ मेमरी आहे, पण १०६० ची बस (मेमरीकडे जाणारी वाट) १९२ बिटची, तर ५८० ची २५६ बिटची. त्यामुळे बँडविड्थ, म्हणजे माहितीची ने-आण करण्याचा वेग, अनुक्रमे सेकंदाला १९२ आणि २५६ जीबी.

एवढे असूनही २०१७ च्या बहुतेक चाचण्यांत दोन्ही कार्डे जवळपास बरोबरीत राहिली. डायरेक्टएक्स ११ (गेमने कार्डाशी बोलण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत) वापरणाऱ्या जीटीए ५ सारख्या गेममध्ये १०६० पुढे असे. २०१६ चा डूम हा गेम व्हल्कन या तशाच, पण नव्या पद्धतीवर चालवला की ५८० चांगलेच पुढे जाई. याची कारणे आकड्यांच्या आत दडलेली आहेत. १०६० ज्या पिढीचे आहे त्या पास्कल पिढीची कार्डे थंड राहिली तर जाहीर क्लॉकच्या वर जातात, आणि १०६० प्रत्यक्षात बहुधा १८५० मेगाहर्ट्झच्या पुढेच चालते. शिवाय पास्कल रंगांची माहिती अधिक आवळून साठवते आणि चित्राचे लहान लहान तुकडे चिपमधल्या कॅश या छोट्या, जलद मेमरीतच हाताळते, त्यामुळे कमी बँडविड्थमध्ये तिचे भागते. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. डायरेक्टएक्स ११ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरच्या एका थ्रेडवर (कामाच्या एका धाग्यावर) जास्त पडत असे. तो थ्रेड थकला की २३०४ पैकी बरेच कोअर कामाची वाट पाहत बसत. व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ मध्ये अनेक थ्रेड मिळून कार्डाला काम पुरवू शकतात, आणि ५८० ची खरी ताकद तिथे दिसते.

म्हणून कोअरची संख्या आणि टेराफ्लॉप्स यांची तुलना एकाच कंपनीच्या एकाच पिढीत करावी. तिथे ती खूप काही सांगते. कंपनी बदलली की मोजमापाला पर्याय नाही. मोजमाप वाचतानाही एक गोष्ट पाहायलाच हवी, ती म्हणजे चाचणी कोणत्या प्रोसेसरवर झाली. चाचणी करणारे सहसा सर्वांत वेगवान प्रोसेसर लावतात, म्हणजे फक्त कार्डाचाच कस लागतो. घरच्या जुन्या प्रोसेसरवर डायरेक्टएक्स ११ चा गेम चालवला तर ५८० ला त्याचा फटका जास्त बसतो.

फ्रेमची सरासरीही पुरेशी नाही. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रे) म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. मिनिटभरातल्या ३६०० फ्रेमपैकी २० फ्रेमना ५० मिलिसेकंद लागले, तर सरासरी ६० वरून जेमतेम ५९ वर येते. खेळणाऱ्याला मात्र झटके स्पष्ट जाणवतात. त्यासाठी सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा वेगळा देतात आणि माझ्या मते तो सरासरीच्या आधी वाचावा. मेमरी कमी पडल्याचे पहिले लक्षण तिथेच दिसते. गेमचे टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रे) ६ जीबीत मावेनासे झाले की ते मुख्य मेमरीतून पीसीआय एक्सप्रेस ३.० मार्गे आणावे लागते, आणि त्या वाटेचा वेग सेकंदाला जेमतेम १६ जीबी असतो. पुढच्या वर्षांत गेम जड होत गेले, व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ रुळले, तसे पारडे ५८० कडे झुकले. तुलनेवर तारीख असतेच, आणि ती न पाहता काढलेला निष्कर्ष शिळा निघू शकतो.

विजेच्या बाबतीत १०६० निर्विवाद सरस आहे. त्याची जाहीर मर्यादा १२० वॅट, ५८० ची १८५. रोज चार तास पूर्ण भाराने खेळले तर हा ६५ वॅटचा फरक वर्षाला सुमारे ९५ युनिट होतो. १०६० च्या मूळ आराखड्याला ६ पिनची एक जोडणी पुरते, ५८० ला ८ पिनची लागते; त्यामुळे जुना, कमी क्षमतेचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) असेल तर निर्णय तिथेच होतो.

गेमऐवजी ॲनिमेशनचे काम असेल तर हिशेब पार बदलतो. ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरने डिसेंबर २०२१ मध्ये ३.० या आवृत्तीपासून सायकल्स या आपल्या रेंडरिंगच्या (अंतिम चित्र तयार करण्याच्या) भागातला ओपनसीएलचा, म्हणजे एएमडीची कार्डे ज्यावर चालत त्या पद्धतीचा, आधार काढून टाकला. त्यानंतर आलेल्या हिप या एएमडीच्या पद्धतीच्या आधारात ५८० ची पोलारिस पिढी नव्हती, तर १०६० वर कुडा या एनव्हिडियाच्या पद्धतीद्वारे रेंडरिंग चालू राहिले. टेराफ्लॉप्स जास्त असलेले कार्ड या कामाला निरुपयोगी ठरले.

नावांनीही घोटाळा होतो. ३ जीबीचे १०६० हे केवळ अर्ध्या मेमरीचे कार्ड नव्हे. त्यात कोअरही ११५२ च आहेत. २०१८ मध्ये चीनच्या बाजारात आलेल्या ५८० च्या एका प्रकारात २०४८ कोअर आहेत, म्हणजे आरएक्स ५७० इतकेच. ग्राहकाला हा फरक खोक्यावरून चटकन कळेल असे नाही, आणि हे मला मुळीच मान्य नाही. कोअरची संख्या वेगळी असेल तर नाव वेगळेच हवे.

आज दोन्ही कार्डे बहुतेक जुन्या बाजारात भेटतात. ५८० ला इथरियमच्या मायनिंगसाठी, म्हणजे कार्डाकडून गणिते करवून हे आभासी चलन मिळवण्यासाठी, फार मागणी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथरियमने ती पद्धत सोडली, आणि वर्षानुवर्षे अखंड चाललेली कार्डे विक्रीला आली. त्यांतल्या काहींचे बायॉस (कार्डाच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) मायनिंगसाठी बदललेले असते. असे कार्ड घेताना जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून कोअरची संख्या, मेमरी आणि क्लॉक मूळ आकड्यांशी ताडून पाहावेत, आणि विक्रेत्याच्या समोरच एखादा जड गेम अर्धा तास चालवून तापमान व क्लॉक स्थिर राहतात का ते बघावे.