छोट्या विमानाची वायरिंग कोणी तपासतच नाही म्हणे!

अमेरिकेतल्या सेसना १७२ सारख्या छोट्या विमानांबद्दल वर्षानुवर्षं फिरतंय की वायरिंग चेक करायचा नियम फक्त मोठ्या विमानांना, छोट्यांचं कोणी बघत नाही. अर्धंच खरंय हे. एफएएने (अमेरिकेची विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००७ मध्ये वायरिंगचे वेगळे कडक नियम आणले ते मोठ्या प्रवासी विमानांसाठीच, पण छोट्यांनाही दर १२ महिन्यांनी अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शन (वार्षिक तपासणी) लागतंच, भाड्याने माणसं नेत असाल तर दर १०० तासांनी पण, आणि त्यात केबिनमधली इन्स्ट्रुमेंट्स, सगळ्या सिस्टिम्स, रेडिओच्या वायरी नीट बांधल्यात का हे बघायचं असं नियमातच लिहिलंय.

आता मेख. नियमातल्या त्या तपासणीच्या यादीत भर आहे उघड दिसणाऱ्या दोषांवर, पॅनेलमागची प्रत्येक वायर सोडवून कोणी बघत नाही. म्हणून तपासणीची सही झाली की वर्षभर निर्धास्त, हेही चूकच. २००७ मध्येच फ्लोरिडात सॅनफर्डला सेसना ३१० पडलं, ५ जण गेले. आदल्या दिवशीच्या पायलटने जळका वास आला, रडारचा ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ओढून ठेवला असं चक्क लिहून दिलं होतं, तरी दुरुस्ती न करता विमान उडवलं! त्याला इन्स्पेक्शन काय करणार?