रॅकूनच्या टोपीआडचा शेतकरी आमदार

अमेरिकेतला लोककथांचा नायक डेव्हिड क्रॉकेट म्हटलं की रॅकूनच्या कातड्याची टोपी, अस्वलांची शिकार आणि टेक्सासमधल्या अलामो गढीत मेक्सिकोच्या सैन्याशी झालेली लढाई डोळ्यांसमोर येते. वर्षभराच्या आत १०५ अस्वलं मारल्याचं तो स्वतःच सांगायचा; खरंखोटं तोच जाणे. या कीर्तीखाली त्याची शेती आणि आमदारकी झाकून गेली.

जन्म १७८६चा, आजच्या अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या पूर्व भागातला. वडील कर्जबाजारी. त्यांचं देणं फेडायला पोरवयातच तो परक्यांच्या शेतावर राबला. लग्नानंतरही एका जागी टिकला नाही, दर काही वर्षांनी पश्चिमेकडे सरकत राहिला. १८१७च्या सुमारास लॉरेन्स काउंटीत शोल क्रीकच्या काठी त्याने पिठाची चक्की, बंदुकीच्या दारूचा कारखाना आणि दारूभट्टी उभारली. १८२१मध्ये तो टेनेसीच्या विधिमंडळात निवडून गेला. मर्फ्रिसबरोला अधिवेशन सुरू होतं न होतं तोच पुराने हे सगळं वाहून नेलं. सावकारांची देणी भागवून तो ओबायन नदीच्या रानात गेला आणि १८२३मध्ये तिथूनही आमदार झाला.

त्याचं राजकारण जमिनीभोवती फिरलं, आणि त्या भांडणाचं मूळ जुनं आहे. टेनेसी हा एकेकाळी नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिमेकडचा मुलूख. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना त्या राज्याने इथल्या जमिनीचे हक्कपत्र दिले होते. पुढे ते सट्टेबाजांनी विकत घेतले. १८१८च्या तहाने मूलनिवासी चिकसॉ लोकांकडून पश्चिम टेनेसी घेतल्यावर हे हक्कपत्र तिथेही पुढे आले. झाडं तोडून, मका पेरून, ओंडक्यांची खोपटी बांधून राहिलेल्यांच्या हाती मात्र कागद नव्हता. त्यांनी कसलेलं रान दुसऱ्याच्या नावावर चढायचं.

क्रॉकेट विधिमंडळात आणि १८२७पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, या लोकांच्या बाजूने उभा राहिला. टेनेसीचाच खासदार जेम्स पोक याचं म्हणणं, जमीन राज्याला द्यावी आणि ती विकून शाळांसाठी पैसा उभारावा. क्रॉकेटला ती थेट कसणाऱ्यांना हवी होती. यावरून टेनेसीचाच नेता आणि १८२९पासून राष्ट्राध्यक्ष असलेल्या अँड्र्यू जॅक्सनच्या गोटाशी त्याचं फाटलं. १८३०मध्ये मूलनिवासींना हुसकावणाऱ्या कायद्याविरुद्ध मत देणारा टेनेसीचा तो एकटाच खासदार होता; हे त्याच्या शिकारकथांपेक्षा जास्त धाडसाचं वाटतं.

१८३५मध्ये हरल्यावर तो टेक्सासला निघाला. तिथेही जमिनीवर डोळा होताच. ६ मार्च १८३६ला तो अलामोत मारला गेला. त्याचं रखडलेलं जमीन विधेयक बदललेल्या रूपात १८४१मध्ये मंजूर झालं. ते मंजूर करून घेणारा खासदार त्याचाच मुलगा, जॉन वेस्ली क्रॉकेट.