केलींना हेन्लीने फक्त गवंडी म्हणून नाकारलं होतं?

अमेरिकी नौकानयनपटू जॅक केली ज्युनियर यांच्या कारकिर्दीची गोष्ट नेहमी वडिलांच्या अपमानापासून सुरू होते: १९२० साली हेन्ली रेगाटा या इंग्लंडमधल्या नौकानयन स्पर्धेने थोरल्या केलींना ते गवंडी होते म्हणून प्रवेश नाकारला. ऐकायला झकास, पण अर्धीच खरी.

हेन्लीच्या कार्यवृत्तात कारणं दोन आहेत. केलींच्या व्हेस्पर या नौकानयन क्लबवर १९०६ पासूनच बंदी होती. १९०५ च्या दौऱ्यासाठी क्लबने लोकवर्गणी घेतली होती आणि हौशी खेळाडूच्या तेव्हाच्या व्याख्येत ते बसत नव्हतं. म्हणजे केली वकील असते तरी व्हेस्परकडून त्यांना उतरता आलं नसतं. हाताने काम करणाऱ्यांना मज्जाव करणारा नियमही होता, आणि तोही त्यांना लावला गेला. (हा लाजिरवाणा नियम १९३७ साली गेला.) १९२० सालीच अँटवर्प ऑलिंपिकमध्ये केलींनी दोन सुवर्णपदकं मिळवली.

मुलाने हेन्लीची डायमंड स्कल्स ही एकेरी नौकांची शर्यत १९४७ आणि १९४९ मध्ये जिंकली, हे मात्र शंभर टक्के खरं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्य मिळवलं. पुढे तो प्रशासनात शिरला, अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघाचा अध्यक्ष झाला. १९८५ मध्ये अमेरिकी ऑलिंपिक समितीचं अध्यक्षपदही मिळालं, पण काही आठवड्यांतच त्याचं निधन झालं.