अनादी वेगळं, स्वयंभू वेगळं

देव आणि सृष्टी दोन्ही कायमचे आहेत का, ह्या वादात मी बरीच वर्षं अधूनमधून तोंड घालत आलोय आणि दर वेळी गाडी एकाच जागी रुतते. एकजण म्हणतो जग कधी सुरूच झालं नाही, ते होतंच, म्हणजे देवाचं कामच संपलं. दुसरा लगेच बिग बँग काढतो, बघा सुरुवात झाली की नाही, मग सुरू करणारा कोणीतरी असणारच. भांडतायत एकमेकांशी, पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरलीये, ती म्हणजे ज्याला सुरुवात नाही त्याला कर्ता नाही.

आता अनादी म्हणजे काय, तर मागे कितीही जा, पहिला क्षण सापडत नाही. हा काळाचा हिशोब झाला. स्वयंभू म्हणजे स्वतःच्या जोरावर उभं, दुसऱ्या कशाचाही आधार नाही. ह्यात काळ येतच नाही, इथे प्रश्न एवढाच की हे कशामुळे आहे.

मध्ययुगातला मुस्लिम तत्त्ववेत्ता इब्न सिना, त्याच्याकडे ह्याचं उदाहरण आहे, हात आणि किल्ली. कुलपात किल्ली फिरवताना हात आधी फिरला आणि मग थोड्या वेळाने किल्ली फिरली असं होत नाही, दोन्ही एकदमच फिरतात, तरी किल्ली हातामुळे फिरते, हात किल्लीमुळे नाही. म्हणजे कारण असायला वेळेत पुढे असावंच लागतं असं नाही. ख्रिस्ती धर्मविचारक ऑगस्टीनने प्लेटोवाद्यांचा (ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटोच्या अनुयायांचा) असाच एक दाखला सांगितलाय, की पाय जर अनादी काळापासून धुळीत रोवलेला असेल तर त्याच्याखाली ठसाही अनादी काळापासूनच असणार, पण म्हणून तो ठसा पायाशिवाय आपोआप उमटलाय असं कोण म्हणेल? त्यांच्या दृष्टीने सृष्टी म्हणजे हा ठसा, अनादी आहे पण स्वयंभू नाही. (ऑगस्टीनला स्वतःला हे मत मान्य नव्हतं, पण दाखला नीट सांगितलाय, हे आवडलं मला.)

थॉमस अक्वायनस ह्या ख्रिस्ती विचारवंताने तेराव्या शतकात ह्यावर एक छोटं पुस्तकच लिहिलं. जगाला सुरुवात आहे असं तो मानायचा, पण श्रद्धेने, नुसत्या तर्काने ते सिद्ध होत नाही म्हणायचा, आणि 'देवाने निर्माण केलेलं' आणि 'कायमच असलेलं' ह्यात विरोध नाही हेही त्याने ठासून सांगितलं. उलट बाजूला मुस्लिम धर्मपंडित गझाली. 1095 च्या सुमारास त्याने इब्न सिनासारख्या तत्त्ववेत्त्यांवर जो हल्ला चढवला त्यात पहिलाच मुद्दा जगाच्या अनादित्वाचा होता. त्याचं म्हणणं, सूर्यातून उजेड पडतो तसं जग देवातून आपोआप निघत असेल तर देवाची इच्छा कुठे गेली, कर्ता म्हटला की त्याने ठरवून करायला हवं ना? मला हा आक्षेप दमदार वाटतो, पण तो देवाला इच्छा आहे का ह्यावर आहे, जग कुणाच्या आधारावर आहे का ह्यावर नाही, आणि वादात ह्या दोन्हीची सरमिसळ होते.

आपल्याकडे तर ह्याची सगळी कॉम्बिनेशन्स मिळतात. जैन म्हणतात विश्व अनादी आणि कुणी केलेलं पण नाही. न्याय आणि वैशेषिक ह्या दर्शनांचे लोक म्हणतात परमाणू नित्य, ते देवाने बनवलेले नाहीत, तरी देव लागतोच, कुंभारासारखा, माती त्याची नाही पण मडकं त्याचं. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांपुढे प्रश्न येतो की एकाला सुख एकाला दुःख असं का, देव पक्षपाती आहे का? उत्तर येतं ज्याचं त्याचं कर्म. मग विचारणारा सोडतो थोडाच, म्हणतो सृष्टीच्या आधी कुठलं आलं कर्म? तर उत्तर हे की संसार अनादी आहे, बीजातून अंकुर अंकुरातून बीज, पहिलं असं काही नाहीच. म्हणजे इथे अनादित्व देवाला बाहेर काढायला नाही, वाचवायला वापरलंय! दयानंद सरस्वतींनी अजून एक बारीक फरक केला. ईश्वर, जीव आणि प्रकृती स्वरूपानेच अनादी, पण सृष्टी प्रवाहाने अनादी, म्हणजे एकेक सृष्टी होते आणि जाते, फक्त ही रांग कुठून सुरू झाली असं नाही.

आणि हो, अनादी म्हणजे अनंत असंही नाही. नैयायिकांचा, म्हणजे न्याय दर्शनवाल्यांचा, प्रागभाव बघा, वस्तू होण्याआधीचं तिचं नसणं. मडकं घडायच्या आधी ते 'नव्हतं', हे नसणं कधी सुरू झालं? कधीच नाही, ते कायमचंच होतं, पण कुंभाराने चाकावरून मडकं उतरवलं की ते नसणं संपलं. सुरुवात नाही, शेवट आहे. मडकं फुटलं की उलटं, आता जे नसणं आलं त्याला सुरुवात आहे पण शेवट नाही, कारण तेच मडकं परत येत नाही. अद्वैतात अविद्या, म्हणजे खऱ्या स्वरूपाचं अज्ञान, पहिल्या प्रकारची, अनादी असून ज्ञानाने संपणारी.

राहिला बिग बँग. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व प्रचंड तापलेलं आणि दाटलेलं होतं, तिथून ते पसरत आलं, हे ती थिअरी सांगते. त्याच्या आधी काही होतं का, ह्यावर ती गप्प आहे, आणि हे सगळं कशाच्या आधारावर आहे हा तर तिचा विषयच नाही. गंमत म्हणजे ही कल्पना पहिल्यांदा मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. 1951 मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी भाषणात ह्या विज्ञानाचा निर्मितीच्या बाजूने दाखला दिला तर लमेत्रला ते रुचलं नाही, आपली थिअरी धर्माच्या प्रश्नाच्या पूर्ण बाहेर आहे असंच तो सांगत राहिला.