डॉक्सची बिल्ड न छेडता का मोडते?

महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमधल्या सॉफ्टवेअर टीमसाठी हा प्रकार नवा नाही. रिलीज झाली की डॉक्सकडे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या माहितीपानांकडे, महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही, मग कुणी एक ओळ सुधारतं आणि सीआय (प्रत्येक बदलानंतर बिल्ड, म्हणजे मजकुरातून पानं तयार करणं, आपोआप तपासणारी यंत्रणा) लाल होतं. ओळीत चूक नसते, मधल्या काळात खालची पॅकेजेस, म्हणजे बिल्ड ज्यांच्यावर उभी असते ती तयार सॉफ्टवेअर, पुढे गेलेली असतात.

पायथनचं डॉक्युमेंटेशन पूर्वी लाटेक्समध्ये होतं. ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या लेखनपद्धतीवर आणताना जॉर्ज ब्रांडल यांनी स्फिंक्स हे डॉक्स तयार करणारं साधन लिहिलं, 2008 मध्ये ते सर्वांसाठी आलं. मजकूर वाचायला ते डॉकयुटिल्स वापरतं, पानं रचायला जिंजा. 2010 मध्ये रीड द डॉक्स ही डॉक्स होस्ट करणारी सेवा आली आणि बिल्ड दुसऱ्याच्या सर्व्हरवर, कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजेस दरवेळी नव्याने बसवून) होऊ लागली. आपल्या लॅपटॉपवरची जुनी, चालणारी पॅकेजेस तिथे उपयोगाची नाहीत.

मार्च 2022 मध्ये याचा खरा फटका बसला. अनेकांनी स्फिंक्स 3.5.4 वर पक्कं बांधलं होतं, म्हणजे नेमकी तीच आवृत्ती बसेल असं लिहून ठेवलं होतं. पण ती आवृत्ती जिंजा 2.3 किंवा त्यापुढची कोणतीही चालेल असं सांगते, वरची मर्यादा नाहीच. जिंजा 3.1 ने स्फिंक्स वापरत असलेलं ‘एन्व्हायर्नमेंटफिल्टर’ हे फंक्शन काढून टाकलं, पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) नेहमीप्रमाणे सर्वांत नवी आवृत्ती उचलली आणि स्फिंक्स सुरू होतानाच इम्पोर्ट एररने पडलं. जिंजा 3.1 च्या खाली ठेवणारी एक ओळ घातली की बिल्ड पुन्हा चालायची.

त्याआधीचा, 2021 मधला डॉकयुटिल्स 0.17 चा घोळ आम्हाला जास्त घातक वाटतो. त्यात पानाच्या एचटीएमएलमध्ये ‘डिव्ह’च्या जागी ‘सेक्शन’ टॅग आला, रीड द डॉक्स थीमचं सीएसएस (पानाचं रूप ठरवणारे नियम) जुन्या क्लासवर बेतलेलं होतं, त्यामुळे याद्यांचे ठिपके गायब झाले. बिल्ड मात्र हिरवी, म्हणजे चूक कुणाला कळलीच नाही. थीमच्या 1.0 मध्ये ते सुधारलं.

म्हणून फक्त वरची नावं बांधून भागत नाही. डॉक्सच्या फोल्डरमध्ये वेगळी रिक्वायरमेंट्स डॉट इन ठेवा, तिच्यात स्फिंक्स, थीम, एक्स्टेन्शन्स एवढंच. पिप-कंपाइल या साधनाने त्यातून खालच्या प्रत्येक पॅकेजच्या आवृत्तीसह टीएक्सटी फाइल काढा आणि दोन्ही कमिट करा. ही फाइल सीआयच्याच पायथन आवृत्तीवर, लिनक्सवर काढावी. विंडोजवर स्फिंक्सला कलरामा हे पॅकेज लागतं, लिनक्सवर नाही. फाइलमध्ये हॅश (पॅकेज तेच आहे हे तपासणारे ठसे) घातले असतील, तर लिनक्सवर काढलेली फाइल विंडोजवर इन्स्टॉलच होत नाही, कारण कलरामाचा हॅश तिच्यात नसतो.

पेप 735 हा पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव ऑक्टोबर 2024 मध्ये मंजूर झाल्यापासून ही यादी पायप्रोजेक्ट या प्रकल्पाच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये गट म्हणूनही ठेवता येते, पिप 25.1 ती थेट इन्स्टॉल करतं. ‘एक्स्ट्रा’पेक्षा (पॅकेजच्या ऐच्छिक पॅकेजांची यादी) हे बरं: गट प्रकाशित पॅकेजच्या मेटाडेटात जात नाही.